पांढरी, निळी आणि समोरची भिंत

गाडी घ्यायला गेलेली माणसं साधारण काय विचारतात? रंग कोणते, लिटरला किती धावते, डिकीत बॅगा किती मावतात. मी शोरूममध्ये पाऊल टाकलं आणि एकच विचारलं, "ही भिंतीवर आदळली तर काय होतं?"

टायवाला विक्रेता हसऱ्या चेहऱ्यानं पुढे येत होता. चेहरा तसाच हसरा राहिला, आतला माणूस मात्र निघून गेला. "काका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आदळायची कशाला?"

"हौस नाही हो मला. पण आदळलीच तर?"

त्यानं आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि माझा दंड धरून मला कोपऱ्यात नेलं, डॉक्टर जवळच्या नातेवाइकाला नेतात तसं. तिथे त्यानं गाडीला सुरक्षेचे पाच तारे मिळाल्याचं सांगितलं. मी रस्ता ओलांडून समोरच्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या गाडीलाही पाच तारे. इकडे पांढरी मध्यम आकाराची सेडान, तिकडे निळी मध्यम आकाराची सेडान. लांबी तीच, रुंदी तीच, चार दारं, मागे डिकी, आणि दोघींना पैकीच्या पैकी गुण. दोघींत जास्त भक्कम कोण, असं विचारलं की पांढरीवाला निळीच्या दिशेनं बघून नुसता उसासा सोडायचा आणि निळीवाला पांढरीचं नाव काढलं की "बिचारी" म्हणायचा.

हे माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते ऐका. आमची मुलगी डोंगरापलीकडच्या गावात राहते. तिला दिवस गेले होते. जावई जहाजावर इंजिनिअर. बाळ बसायला लागेपर्यंत काही तो किनाऱ्याला लागत नव्हता. तेव्हा आमच्या हिनं जाहीर केलं, "हॉस्पिटलातून बाळ-बाळंतिणीला थेट आपल्या घरी आणायचं. आणि गाडी मी चालवणार." हिला निवृत्तीनंतर लायसन्स मिळालं होतं, म्हणजे शाई अजून ओलीच होती. मला चालवता येत नाही. परीक्षा द्यायला गेलो होतो, नाही असं नाही. पण परीक्षक अर्ध्या वाटेत उतरला आणि म्हणाला, राहू द्या, मी चालत जातो.

आणि मधला तो डोंगरातला रस्ता! वळणाला वळण. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ते काहीच नाही फार खोल आहे. त्या रस्त्यावरून माझी बायको, माझी मुलगी आणि जगात येऊन जेमतेम जांभई देण्याइतका वेळ झालेलं एक बाळ येणार. पांढरीतून की निळीतून, ते मी ठरवायचं होतं. तुम्ही म्हणाल, नाणं उडवायचं. उडवून बघा स्वतःच्या नातवंडासाठी, मग बोला.

इमारतीत बातमी फुटली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बॉयलर तपासनीस राहतात. आम्ही त्यांना टकटक म्हणतो, कारण समोर येईल ती वस्तू ते बोटाच्या पेरानं ठोकून पाहतात. दार, टेबल, टरबूज. एकदा हेल्मेट घातलेला नवा भाडेकरूही ठोकून पाहिला होता. त्यांना मी दोन्ही शोरूमला नेलं. पांढरीच्या दाराला कान लावून त्यांनी ठोकलं आणि निकाल दिला, "पत्रा." निळीला ठोकलं. "पातळ पत्रा." मग बाहेर फूटपाथवर उभं राहून म्हणाले, "आमच्या वेळच्या गाड्या! झाडावर आदळली तर झाड पडायचं."

"आणि आतला माणूस?"

"तो वेगळा विषय," टकटक म्हणाले.

तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचं म्हणणं, तारेबिरे सोडा, स्टिअरिंग आणि जबडा यांच्यातलं अंतर मोजा. आमचा मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, ताईसारखी चालवणारी असल्यावर गाडी नाही, समोरची भिंत मजबूत पाहिजे." हे तो ताईसमोर बोलला नाही.

शेवटी मी ठरवलं, ऐकीव काही नको. गाड्या खरोखर जिथे भिंतीवर आदळवतात तिथेच जायचं. असं एक परीक्षण केंद्र शहराबाहेर आहे. हिनं डबा भरून दिला आणि म्हणाली, "जपून जा. तुम्हाला नाही आदळवायचंय कुणी."

फाटकाजवळच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "निर्माते, पुरवठादार, विद्यार्थी की पत्रकार?"

"माणूस," मी म्हटलं.

"तो प्रकार यादीत नाही."

"अहो, ह्या गाड्या शेवटी माणसांसाठीच ना?"

"असतील. पण ती आत येत नाहीत."

मी या खिडकीतून त्या खिडकीत, तिथून वरच्या मजल्यावर, तिथून चहाला गेलेल्या साहेबांच्या खुर्चीसमोर आणि तिथून पुन्हा पहिल्या खिडकीत आलो. कारकून मुळात मऊ स्वभावाचा होता. माझा घामेजलेला चेहरा बघून त्याला दया आली. "आजोबा, एक करतो. तुम्हाला 'चाचणी साहित्य' म्हणून दाखवतो. साहित्याला आत जायला कुणाचीच परवानगी लागत नाही."

"आणि बाहेर यायला?"

"ते आतले बघतील." असं म्हणून त्यानं माझ्या शर्टावर पिवळ्या-काळ्या चौकड्यांचा एक गोल कागद चिकटवला.

आत गेलो. विमान मावेल एवढी पांढरीशुभ्र खोली. जमीन इतकी स्वच्छ की मी नकळत चपला काढल्या. एका टोकाला भिंत. भिंत कसली, काँक्रीटचा डोंगरच. आणि कडेच्या बाकावर ते बसले होते. डमी. एक बाप, एक आई, दोन मुलं. मातकट रंगाचे, रबरी कातडीचे, गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत असलेले. प्रत्येकाच्या गालावर माझ्या शर्टावरच्यासारखाच चौकड्यांचा गोल. एवढं शांत कुटुंब मी जन्मात पाहिलं नव्हतं. हे कुणाच्या वतीनं भिंतीवर आदळतात? तुमच्या-माझ्या. कधी तक्रार नाही, कधी सुट्टी नाही. मला भरून आलं. कुणीतरी येईपर्यंत बसावं म्हणून मी त्यांच्याच बाकाच्या टोकाला टेकलो आणि आपोआप माझेही हात गुडघ्यावर गेले.

पांढरा कोट घातलेली एक मुलगी रंगाची ताटली घेऊन आली. कानात गाणी चालू होती, नजर ताटलीत. तिनं बापाचं नाक लाल रंगवलं, गुडघे पिवळे. आईचं नाक निळं. मोठ्या मुलाचं जांभळं, धाकट्याचं नारिंगी. पुढे सरकली आणि माझं नाक हिरवं केलं. आता तुम्ही विचाराल, मी बोललो का नाही. त्याचं असं आहे की सगळी रांग निमूट बसलेली असताना आपणच कुरकूर करणं बरं दिसत नाही. शिवाय ते सगळे इतके धीराचे! तिनं माझ्या पँटच्या गुडघ्याला ब्रश लावला तेव्हा मात्र मला गुदगुल्या झाल्या आणि शिंक आली.

त्या मुलीनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून केंद्राच्या प्रमुख बाई जिन्यावरून धावत खाली आल्या. पांढरे केस, गळ्यात चष्मा. त्यांनी माझा कागद वाचला, माझं नाक पाहिलं, सगळी हकीकत ऐकली. मला वाटलं, आता हाकलणार. तर बाई खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, इथे कंपन्यांची माणसं येतात, परीक्षक येतात. पण आजवर ज्याच्यासाठी हे चाललंय तो कधी आलाच नाही. या, काचेमागे उभे राहा. आज योगायोगानं तुमच्या दोघीही आहेत. सकाळी पांढरी, दुपारी निळी."

"नाकाला रंग कशासाठी?"

"आदळल्यावर गाडीत कुठे कुणाचा रंग लागला ते बघायचं. म्हणजे कुणाचं काय कशावर आपटलं ते कळतं."

भोंगा वाजला. सगळे बोलायचे थांबले. मग दिवे लागले. दिवे असे, की भरदुपारचं ऊन त्यांच्यासमोर समई. त्या उजेडात लांबच्या टोकावरून पांढरी निघाली. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. जमिनीतली तार तिला ओढत होती. आतली चौघं समोर बघत होती. वेग वाढला. भिंत तर हलणार नव्हती. मी काचेवर हात आपटून ओरडलो, "अहो, ब्रेक!"

आणि धाड!

पडद्यावर दाखवतात तसं ते लांबत नाही. पापणी लवेपर्यंत संपलं होतं. काचेचा चुरा चकाकत जमिनीवरून सरकत आला आणि थांबला. मागाहून एकच आवाज उरला. कुठेतरी थेंब थेंब गळत होतं. मी काचेला चिकटून उभा होतो आणि बाजूची तंत्रज्ञ मंडळी बिस्किटं खात होती.

मग बाईंनी तोच क्षण संथ करून पडद्यावर दाखवला. काय सांगू तुम्हाला! बॉनेट दुमडत होतं. घडीवर घडी, इस्त्रीवाला चादर घडी घालतो तसं, घाई नाही, गडबड नाही. दिवे गेले, रेडिएटर गेला, चाकं तिरकी झाली, आणि ती मोडतोड सरकत सरकत पुढच्या काचेपाशी आली आणि थांबली. थांबली! आतून कुणी हात वर करून 'बस, इथवरच' म्हटल्यासारखी. त्याच वेळी पांढऱ्या पिशव्या फुलल्या. बापानं आपलं लाल नाक उशीत खुपसावं तसं पिशवीत खुपसलं. पट्ट्यांनी सगळ्यांना धरलं, पुढे जाऊ दिलं थोडं, आणि मग हळूच परत टेकवलं. पुढची अर्धी गाडी भंगार झाली होती आणि मागचं दार एका तंत्रज्ञ बाईनं नुसत्या हातानं उघडलं.

"एवढी चेंगरली?" मी म्हटलं. "म्हणजे पत्रा खरंच पातळ?"

"चेंगरायलाच हवी, आजोबा. सगळा मार बॉनेटनं खायचा. बॉनेट नाही चेंगरलं तर तोच मार आतल्या माणसांना बसणार."

एवढ्याशा वेळात, पापणी लवण्याच्या आत, लोखंडाला कुठे वाकायचं आणि कुठे अडून राहायचं हे कळावं! आणि ते लोखंडाला शिकवणारी माणसं माझ्या शेजारी उभी राहून बिस्किटाचे कण झटकत होती. मी त्यांना नमस्कारच केला. त्यांना वाटलं, बिस्किट मागतोय. त्यांनी पुडा पुढे केला.

दुपारी निळी आदळली. तोच उजेड, तीच शांतता, तीच धाड, मी पुन्हा "ब्रेक!" ओरडलो आणि या वेळी कुणी वळूनही पाहिलं नाही. मग बाईंनी दोन्ही गाड्यांचे रंग दाखवले. पांढरीत चालवणाऱ्या बापाचे गुडघे जसेच्या तसे, पण पुढच्या सीटच्या पाठीवर धाकट्याच्या नाकाचा नारिंगी ठिपका. निळीत धाकटा ठणठणीत, मागे कुठे रंगाचा कणही नाही. पण डॅशबोर्डाखाली बापाच्या गुडघ्यांचे दोन पिवळे डाग.

"तारे दोघींनाही बरोबर दिलेत," बाई म्हणाल्या. "फरक आहे तो एवढाच. बाकी तुम्ही ठरवा."

एवढाच! म्हणजे पांढरीनं चालवणारीला जास्त जपायचं आणि निळीनं मागच्या बाळाला. बायको की नातवंड, असा प्रश्न घेऊन मी बसनं घरी निघालो. बस भरलेली होती, पण माझ्या शेजारच्या जागेवर शेवटच्या थांब्यापर्यंत कुणी बसलं नाही. नाकाचं मी विसरलोच होतो.

हिनं दार उघडलं. "नाकाला काय झालं?"

"विज्ञान," मी म्हटलं.

जेवताना मी सगळं सांगितलं, आणि प्रश्न कसा बिकट आहे, रात्रभर विचार करावा लागेल, वगैरे प्रस्तावना चालू केली. हिनं घास संपवला. "त्यात कसला आलाय विचार? गुडघे माझे तसेही गेलेत. निळी आणा." आणि मला ताक वाढलं. तो रंग नाकावर आठवडाभर टिकला; पण त्या क्षणी मला जे वाटलं ते अजून उतरलेलं नाही.

निळी आली. आणि मग, मंडळी, आमच्या लोकांचं प्रेम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन बघतो तर गाडीच्या तोंडाला पोलादी नळ्यांचा एक अगडबंब गार्ड बसवलेला. शेजारी टकटक, हाताला ग्रीस, चेहऱ्यावर कृतार्थ भाव. "जुन्या बॉयलरचा आहे," म्हणाले. "आता आदळू दे कुठे आदळायचं ते!" आत डोकावलो तर सीटांवर गादीसारखी जाड कव्हरं, दोन्ही बाजूंनी गच्च शिवलेली. मेव्हण्याची भेट. त्याच कव्हरांखाली, सीटच्या कुशीत, आडव्या धडकेसाठीच्या एअरबॅगा होत्या. त्या आता फुगल्या तरी कव्हरातच गुदमरणार. शिवाय त्यानं पट्ट्याच्या खाचेत एकेक बिल्ला खुपसला होता. "पट्टा नाही लावला तरी टिंग टिंग करणार नाही, भाऊजी. डोक्याला ताप नको."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अख्खं केंद्र जी गोष्ट घडवायला आयुष्य घालतं, ती या दोघांनी एका सकाळीत, फुकट, हसत हसत मोडून ठेवली होती. मेव्हणा तोंड फुगवून निघून गेला. टकटक गार्डावर हात ठेवून उभे राहिले. "बॉयलरचं पोलाद आहे," ते पुन्हा म्हणाले, "आणि तुम्ही पातळ पत्र्याच्या बाजूनं बोलता?"

"पत्रा वाकायला हवा हो! हा गार्ड वाकणार नाही. सगळा मार सरळ आत!"

"माझं काम आहे ते. मी नाही काढणार." आणि ते वर निघून गेले. मी पाना घेऊन खाली बसलो. बोल्ट असे आवळलेले की पाना वाकला, मी वाकलो, गार्ड तसाच.

तेवढ्यात ही गॅलरीतून ओरडली, "अहो! फोन आला! झाली! मुलगी झाली! वेळेच्या आधीच आली, पण दोघी छान आहेत! परवा सोडणार म्हणतात!"

सगळ्या खिडक्या उघडल्या. वरच्या मजल्यावरून पावलं वाजली. टकटक स्वतःचा मोठा पाना घेऊन खाली आले, माझ्याकडे न बघता बसले आणि एकेक बोल्ट सोडवू लागले. शेवटचा सुटल्यावर त्यांनी गार्ड उचलून भिंतीला टेकवला, बॉनेटला हलकेच ठोकलं आणि म्हणाले, "पातळ आहे." जरा थांबून म्हणाले, "पण वाकेल ना नक्की?"

"मी पाहिलंय," मी म्हटलं.

कव्हरं मी आणि हिनं मिळून उसवली.

हॉस्पिटलच्या दारात सिस्टर उभी राहिली. बाळाची सीट नीट बसल्याखेरीज बाळ द्यायचं नाही, असा तिचा नियम. मी सीट लावली, तिनं हलवून पाहिली, हलली. परत लावली, परत हलली. मुलगी पायरीवर बसून हसत होती. "बाबा, तुम्ही तर चाचणी साहित्य होतात ना?" शेवटी मी सीटवर गुडघा रोवून पट्टा असा ओढला की सिस्टरनं सीट धरून हलवली तर सगळी गाडी हलली. मग तिनं बाळ दिलं. मागच्या बाजूला तोंड करून, पट्ट्यात, एवढीशी. मुठीत मावेल एवढं डोकं, तांबडं तोंड, मिटलेले डोळे. मी काँक्रीटचा डोंगर पाहिला होता, दुपारच्या उन्हाला लाजवणारे दिवे पाहिले होते. पण ही नखं! प्रत्येक बोटाला एकेक, वेगळं, पूर्ण. कुणी केली असतील एवढ्या बारकाईनं?

मुलगी पुढे बसली, मी बाळाजवळ. हिनं चष्मा पुसला, किल्ली फिरवली.

डोंगर लागला ते इंजिनाच्या आवाजावरून कळलं. मागे हॉर्न सुरू झाले. आधी एक, मग दोन, मग लग्नाची वरात निघावी तसे. एक ट्रक घरघरत शेजारून गेला आणि ड्रायव्हरनं जाता जाता काहीतरी विचारलं, त्यात माझ्या बायकोच्या लायसन्सचा उल्लेख होता. गिअर बदलल्याचा आवाज, टायरखाली खडी, वळण. पुन्हा वळण. एका वळणाला हॉर्न अगदी समोरून आला, मोठा, जवळचा, पट्ट्यानं मला घट्ट धरलं, आणि पुढून हिचा आवाज आला, "आधी तुम्ही जा हो भाऊ, आम्हाला घाई नाही." मुलगी हसली. बाळानं श्वास घेतला, सोडला. मी माझं बोट त्याच्या मुठीत दिलं होतं. ती मूठ उघडली नाही. मग रस्ता सरळ झाला. मग गतिरोधक, तो आमच्या गल्लीतलाच, कारण दुसरा कुठलाच एवढा उंच नाही. गाडी थांबली. इंजिन बंद झालं.



"पोचलो," ही म्हणाली. "आता डोळे उघडा."

उघडले. बाळ झोपलं होतं. हिचे हात अजून स्टिअरिंगवर होते, बोटं पांढरी पडली होती आणि चेहऱ्यावर हसू होतं. मी खाली उतरलो आणि गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. निळं बॉनेट जसं कारखान्यातून आलं होतं तसंच होतं. एक सुरकुती नाही, एक ओरखडा नाही. आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ती. इमारतीतले लोक जमले, "काय झालं, काय झालं?" म्हणून विचारू लागले. मला सांगताच येईना. काहीही झालं नव्हतं.